मेस लावली की मेस झाला?

पुण्यात सदाशिव किंवा नारायण पेठेत दुपारी साडेबाराच्या सुमाराला एखाद्या जुन्या जिन्याखाली चपला-बुटांचा ढीग दिसला, की वर मेस आहे असे खुशाल समजावे. पाटी असलीच तर चार ओळींची: घरगुती मेस, महिन्याचे पैसे आगाऊ, खाडे आदल्या दिवशी सांगावेत, रविवारी संध्याकाळी बंद. आत सगळे घड्याळाच्या काट्यावर. बुधवारी उसळ म्हणजे उसळच, पोळ्या मोजून, रविवारी दुपारी फीस्ट, आणि दाराजवळच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे खाडे मांडलेले. इतकी शिस्त त्या मुलांनी शाळेतही पाळलेली नसते. जेवून मुलगा खोलीवर जातो, व्हिडिओ कॉल लागतो, मोठ्या बहिणीला कॅमेऱ्यातून खाट, खुर्ची आणि जमीन यांच्यातला फरक दिसेनासा होतो आणि ती म्हणते, "काय मेस करून ठेवलायस रे!"

शब्द तोच. पण मराठीने दोन्हीकडे त्याला वेगळी वागणूक दिली आहे. जेवणाची मेस स्त्रीलिंगी: मेस लावली, मेस बदलली, मेस महागली. खोलीतला मेस मात्र कानावर येतो तो बहुतेकदा पुल्लिंगी: सगळा मेस झाला. कोणी नियम केला नाही, कोणी शिकवले नाही. बोलणाऱ्यांना हे मुळात दोन वेगळे शब्द वाटतात म्हणून हे झाले. इंग्रजीत ते एकाच शब्दाचे दोन टोकांचे अर्थ आहेत, आणि ताटापासून पसाऱ्यापर्यंतचे अंतर कापायला त्या शब्दाला पाच शतके लागली.

लॅटिनमध्ये 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. मिशन आणि मिसाइल हे त्याच घरचे. त्याच क्रियापदापासून 'मिस्सुस' झाला: स्वयंपाकघरातून पंगतीकडे पाठवलेला पदार्थ. जुन्या फ्रेंचमधून तो 'मेस' होऊन मध्ययुगीन इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता: एका माणसाच्या पानात वाढलेले एका वेळचे अन्न. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये योसेफ आपल्या भावांना जेवायला घालतो तेव्हा धाकट्या बेन्यामीनला इतरांच्या पाचपट 'मेस' वाढली जाते. त्यात अव्यवस्था कुठेच नाही, असलाच तर पंक्तिप्रपंच आहे. भुकेल्या एसावाने मसुरीच्या आमटीसाठी थोरलेपणाचा हक्क विकला, त्या गोष्टीला इंग्रजीत 'मेस ऑफ पॉटेज' म्हणतात. गंमत म्हणजे किंग जेम्सच्या त्या अध्यायाच्या मजकुरात हे शब्द नाहीत. ते १५६० च्या जिनिव्हा बायबलसारख्या आधीच्या आवृत्त्यांतल्या अध्यायाच्या मथळ्यात आहेत, आणि लोकांच्या लक्षात मथळाच राहिला. वर्तमानपत्रवाल्यांना यात नवल वाटू नये. अमेरिकेच्या दक्षिण भागात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे: तिथे 'अ मेस ऑफ ग्रीन्स' म्हणजे घरच्यांना एका जेवणाला पुरेल एवढी पालेभाजी.

पंधराव्या शतकात शब्द पदार्थावरून माणसांवर सरकला. एकत्र बसून जेवणाऱ्या टोळक्याला मेस म्हणू लागले, आणि हे टोळके मुळात चौघांचे. 'लव्हज लेबर्स लॉस्ट' या नाटकात शेक्सपिअरने मेस पुरी करायला चौथा भिडू लागतो यावर विनोद केला आहे. ही चौकडी लंडनच्या वकिली संस्थांनी, म्हणजे 'इन्स ऑफ कोर्ट'नी, अजून जपली आहे. तिथल्या भोजनगृहात चौघांची एक मेस धरतात.

त्या चौकडीत एकेकाळी मोहनदास गांधी नावाचा काठेवाडी विद्यार्थी बसला होता. १८८८ मध्ये तो इनर टेंपलमध्ये दाखल झाला. बॅरिस्टर व्हायचे तर परीक्षेबरोबर ठरावीक जेवणेही भरावी लागत: बारा सत्रे, आणि दर सत्रात निदान सहा वेळा तिथल्या टेबलावर हजेरी. गांधींनी आत्मकथेत या प्रकाराची हसतखेळत नोंद केली आहे. चौघांच्या गटाला दारूच्या दोन बाटल्या मिळत. हा पठ्ठ्या थेंबालाही शिवत नसे, त्यामुळे त्याला आपल्या चौघांत ओढायला बाकीच्यांची चढाओढ. दोन बाटल्या मग तिघांत. पुढे १९१६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ग्रेज इनमध्ये नाव घातले, तिथेही भोजनांची हीच परंपरा. भारताच्या राजकारणातल्या दोन सर्वांत थोर बॅरिस्टरांचे इंग्लंडमधले कायद्याचे शिक्षण असे मेसमधून गेले आहे.

समुद्रावर हा शब्द आणखी घट्ट झाला. शिडाच्या लढाऊ जहाजांवर खलाशी तोफांच्या मधल्या जागेत टोळ्या करून जेवत, आणि प्रत्येक टोळीला क्रमांक असे. खलाशी मेला तर त्याने 'मेसचा नंबर गमावला' असे म्हणत. ब्रिटिश छावण्यांबरोबर शब्द हिंदुस्थानात उतरला तो अधिकाऱ्यांच्या मेसच्या रूपात: चांदीची भांडी, ठरलेला पोशाख, बसण्याचा क्रम, बोलण्याचे संकेत. आजही भारतीय सैन्यातल्या अधिकाऱ्याला 'मेसमध्ये सगळा मेस आहे' हे वाक्य ऐकवून बघावे.

छावणीतून तो गावात आला. कलकत्त्यात कारकून आणि विद्यार्थी एकत्र राहत-जेवत त्या घरांना मेसबाडी म्हणत. शरदिंदू बंद्योपाध्यायांच्या 'सत्यान्वेषी' या कथेत गुप्तहेर ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित यांची पहिली गाठ अशाच मेसमध्ये पडते. हे शरदिंदू १९३८ मध्ये सिनेमासाठी मुंबईला आले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले, म्हणजे दोन्ही गावच्या मेसची हवा त्यांना लागलेली.

महाराष्ट्रात शिकणाऱ्या गरीब मुलांची सोय आधी माधुकरीवर आणि वारांवर चाले. सोमवार अमक्यांकडे, मंगळवार तमक्यांकडे. सात घरे धरली की आठवडा निघाला. त्यात जेवणापेक्षा उपकाराचे ओझे जास्त आणि जातीची दारे तर ठरलेलीच. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांना खानावळवालीने जगवले. पाळी बदलली की ताटे बदलत, आणि दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई विसाव्या माणसाची भाकरी थापत असे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. खानावळ हा चांगला, भरभक्कम शब्द हाताशी असताना पुण्या-कोल्हापूरच्या कॉलेजांभोवती 'मेस' रुजली, कारण वारांमधला मिंधेपणा तिच्यात नव्हता. पैसे टाकायचे, जेवायचे, भाजी अळणी असली तर तसे सांगायचे. परका शब्द कधीकधी असा मोकळा श्वास घेऊन येतो, आणि तेव्हा त्याला अडवणारे शुद्धिवादी चुकतात.

मग या शिस्तीच्या शब्दाची पत गेली कशी? जनावरांमुळे. ताटातल्या अन्नापासून कालवलेल्या अन्नापर्यंत आणि तिथून गोठ्यातल्या, खुराड्यातल्या खाण्यापर्यंत अर्थ घसरला. अलेक्झांडर पोप या कवीच्या १७३८ सालच्या उपहासकवितेत हा शब्द डुकरांच्या खाण्यासाठी आला आहे, आणि तो प्रसंग इतका किळसवाणा आहे की सकाळच्या चहाबरोबर सांगू नये. त्यानंतर उतार सोपा होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेस म्हणजे कसलीही सरमिसळ, मग फसलेली परिस्थिती, आणि शतकाच्या मध्याला घरातली अस्ताव्यस्तता. माणूस स्वतःच्या पानात कालवतो तेव्हा ते जेवण असते; दुसऱ्याच्या पानात डोकावले की तेच लडबडलेले दिसते. इंग्रजीने दुसऱ्याच्या पानाकडे बघणारी नजर शब्दात पक्की केली.

आणि ही खोड एका शब्दापुरती नाही. इंग्रजीतले पसाऱ्याचे निम्मे शब्द स्वयंपाकघरातून निघाले आहेत. 'हॅश' म्हणजे बारीक चिरून परतलेले मांस, आणि कामाचा विचका केला तरी 'हॅश'च केला. 'हॉचपॉच' हे रश्शाचे नाव. त्याचाच भाऊ 'हॉचपॉट' कायद्यात शिरला, आणि आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यांत एखाद्या भावाने स्वकष्टार्जित जमीन सामाईक मिळकतीत मिसळली का, यावर निकाल देताना न्यायालये अजूनही त्या रश्शाच्या भांड्याचे नाव घेतात. मे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी एका ट्वीटमध्ये 'फरागो' हा शब्द वापरला आणि देशभर लोक शब्दकोश उघडून बसले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जनावरांना घालायचे मिश्र धान्य, म्हणजे आपली आंबोणच. 'शॅम्बल्स'ची वाटही अशीच. तो मुळात लाकडी बाकाचा शब्द. मग खाटकाचे बाक, मग मटणबाजार, मग कत्तलखाना, मग रक्ताचा सडा, आणि शेवटी रेल्वेचे वेळापत्रक कोलमडले तरी शॅम्बल्स. यॉर्क शहरात त्या नावाची गल्ली आजही आहे. पर्यटक तिथे आता मिठाई आणि भेटवस्तू घेतात.

इंग्रजांनाही हे कळते, म्हणूनच स्ट्रॉबेरी, साय आणि मोडलेली मेरिंग एकत्र करून ते तिला 'ईटन मेस' म्हणतात आणि मिटक्या मारत खातात. जुना अर्थ आणि नवा अर्थ एका वाडग्यात.

मराठीच्या स्वयंपाकघरात सरमिसळीची पत इतकी वाईट नाही. आषाढी यात्रेची सांगता पौर्णिमेला गोपाळपुरात काल्याने होते. काल्याचे कीर्तन झाल्याशिवाय सप्ताह उठत नाही. काला म्हणजे लाह्या, पोहे, दही, लोणचे, ज्याच्या शिदोरीत जे असेल ते एकत्र कालवलेले, आणि ते एकमेकांच्या तोंडात घालायचे. ज्या समाजात कोणी कोणाच्या हातचे खायचे याचे इतके कडक नियम होते, त्या समाजाने वर्षातून एकदा तरी ही मिसळणूक प्रसाद म्हणून स्वीकारली. अर्थात फार फुशारकी मारू नये. मोडक्यातोडक्या आघाडीला आपणही खिचडी सरकार म्हणतो. तीच बिचारी खिचडी साहेबाने उचलली, तिच्यात मासा आणि उकडलेली अंडी घातली आणि 'केजरी' म्हणून न्याहारीला घेतली.

अव्यवस्थेसाठी मराठीने शब्द आणले ते मात्र शेताच्या चिखलातून, देवीच्या अंगणातून, बोळक्या-गाठोड्यांतून. राडा म्हणजे पायांनी तुडवलेला चिखल. पालिकेच्या नोटिशीत तो 'राडारोडा' होऊन बांधकामाचा ढिगारा झाला आणि मुंबईच्या नाक्यावर मारामारी. गोंधळ हा तर तुळजाभवानीचा विधी: संबळ, तुणतुणे, पोत, आणि गावोगावच्या देवतांना आवतण. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात देवीचा उत्सव आणि कल्ला हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत. गबाळ म्हणजे गरिबाचे गाठोडे. त्यावरून माणूस गबाळा झाला, हे काही आपल्याला शोभणारे नाही. अजागळ हा शब्द संस्कृतातून आला. अजा म्हणजे शेळी. तिच्या गळ्याला लोंबणाऱ्या, दूध न देणाऱ्या सडांवरून ढिल्याढाल्या माणसाची हेटाळणी. आणि अडगळ? भालचंद्र नेमाड्यांनी २०१० मध्ये 'हिंदू' कादंबरीच्या उपशीर्षकात तिला 'समृद्ध' हे विशेषण लावले, तेव्हा माळ्यावरची पितळी भांडी, तुटका पाळणा आणि पणजोबांच्या पोथ्या एकदम खाली उतरल्या.

पण या शब्दांचे खरे मोल त्यांच्या जन्मकथांत नाही, त्यांच्या क्रियापदांत आहे. पसारा मांडतात आणि आवरतात. घोळ घालतात आणि निस्तरतात. गुंता होतो आणि सोडवतात. बोजवारा उडतो, विचका होतो, आणि या दोहोंवर उपाय नसतो. नव्याने सुरुवात करायची. शब्द उच्चारला की नुकसान किती, दोष कोणाचा आणि आता करायचे काय, हे तिन्ही कळते. पसाऱ्यात तर फारसा दोषही नाही. शिंप्याच्या दुकानात, लेखकाच्या टेबलावर, दिवाळीच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात पसारा असतोच, काम चालू असल्याची ती खूण. 'मेस झाला' म्हटले की यातले काहीच हाती लागत नाही. आवरायचा, निस्तरायचा की सोडवायचा? कार्यालयात कोणी 'टोटल मेस आहे' म्हणाले की समोरचे तिघे माना डोलावतात. फाइली विखुरल्या आहेत, आकडे चुकले आहेत की दोन साहेबांचे पटत नाही, हे त्या तिघांना तीन वेगळ्या रीतीने समजलेले असते.

क्रियापदांनी आपलीही एक गोष्ट उघडी पाडली आहे. घरात पसारा मांडणारा कोणीही असो, आवरणारी ठरलेली असते. मराठीत 'आवराआवर' हा शब्द काढला की डोळ्यांपुढे जी आकृती येते तिने पदर खोचलेला असतो. भाषा जपायची तर तिच्यातली ही कामवाटणी जपायची गरज नाही.

तरुण मुले म्हणतात, 'माझं आयुष्य मेसी झालंय.' त्यांच्यावर रागावण्याआधी पर्याय काय आहेत ते बघावे. भानगड म्हटले की मावशी चौकशी सुरू करते. लफडे म्हटले तर गावभर होते. 'मेसी' या शब्दाला घराबाहेरचा, थोडा निर्विकार वास आहे. त्याच्या आड मुलगी आपले दुःख सांगूही शकते आणि झाकूही शकते. तिला नेमका शब्द नकोच असेल, तर तिच्या तोंडी तो कोंबण्याचा अधिकार कोणाला नाही.

ही सवलत छापील मराठीला मिळता कामा नये. आणि इथे इंग्रजीला नावे ठेवून भागत नाही, कारण मराठी मथळ्यांनी आपला स्वतःचा एक 'मेस' केव्हाच तयार केला आहे. त्याचे नाव गोंधळ. परीक्षेत गोंधळ, मतदारयादीत गोंधळ, सभागृहात गोंधळ, वाहतुकीत गोंधळ, लसीकरणात गोंधळ. एका पानावर पाच गोंधळ आणि संबळ एकाही जागी नाही. मतदारयादीत नावे चुकतात तेव्हा तो घोळ असतो, आणि कोणीतरी तो घातलेला असतो. सभागृहात होतो तो गदारोळ. वाहतुकीचा बोजवारा उडतो. परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका पोचल्याच नाहीत तर ती हेळसांड, आणि तीच गोष्ट सलग तिसऱ्या वर्षी झाली तर खेळखंडोबा. 'गोंधळ उडाला' या मथळ्याला कर्ता नसतो. वारा आला आणि उडाला, एवढेच वाचकाला कळते; ज्या खुर्चीतून तो उडाला ती खुर्ची शाबूत राहते. संबंधित खात्याला असा मथळा नेहमीच सोयीचा. 'घोळ घातला' असे छापायचे तर 'कोणी' हे शोधावे लागते, म्हणजे बातमीदाराला चार फोन जास्त करावे लागतात.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. पेठेतल्या त्या खोलीत चौघे जमतात, विजेच्या किटलीत मॅगी शिजते, ताटल्या दोनच म्हणून दोघे डब्याच्या झाकणात खातात, आणि कोणाच्या तरी जर्नलवर मसाल्याची पुडी सांडते. चौघांची ही मेस इनर टेंपलच्या हिशेबातही बसेल. तेवढ्यात फोन वाजतो. या वेळी आई असते. खाट, खुर्ची, किटली, जर्नल असे सगळे एका नजरेत घेऊन ती फक्त म्हणते, "जेवलास ना? मग आधी हे आवर."